कोपऱ्यातली पट्टी

आई गंगापूरजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त होऊन उस्मानपुऱ्यात माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून तो तिला दिला. रोज दुपारी ती त्यावर व्याख्यानं ऐकायची आणि रोज दुपारी आमचं भांडण व्हायचं.

आवाज कमीजास्त केला की स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी पट्टी उमटायची, आवाज किती ते दाखवायची आणि लगेच नाहीशी व्हायची. ब्राइटनेसचंही तसंच. आई बटण दाबतच राहायची. कधी शेजारी दार वाजवतील इतका आवाज, कधी स्क्रीन पार काळी. मग मला हाक. मी घरूनच ऑफिसचं काम करते, मीटिंग सोडून उठावं लागायचं. कोपऱ्यात बघत जा, असं किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, तिथं काही येतच नाही. मला वाटायचं, ही मुद्दाम लक्ष देत नाही.

एकदा मावशीसमोरच मी बोलून गेले, "आंधळी आहेस का?"

आईनं लॅपटॉप मिटला. चार दिवस त्याला हात लावला नाही.

मग माझा राग पट्टीवर निघाला. सेटिंगमध्ये शोधलं, तर जागा बदलायची सोयच नाही. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेत विचारलं. एका गृहस्थानं उत्तर दिलं की जागा विचारपूर्वक ठरवली आहे, आईला सवय लावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच वाक्य मी स्वतः आठ महिने आईला ऐकवत होते, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. मूळची पट्टी बंद केली, दुसरा एक छोटा प्रोग्रॅम टाकला आणि त्याच्या फाइलमध्ये सगळं हातानं लिहिलं: मधोमध, वीतभर रुंद, काळ्यावर पिवळी, चार सेकंद.

आईला बोलावून बटण दाबायला लावलं.

"आता दिसतंय," ती म्हणाली. "हे आधी नव्हतंच."

होतं, हे सिद्ध करायची मला खुमखुमी आली. आईला स्क्रीनच्या मधोमधच बघत बटण दाबायला सांगितलं आणि फाइलमधले आकडे बदलत मी पट्टी थोडी थोडी उजवीकडे सरकवत गेले. कोपरा अजून बराच लांब होता, तेवढ्यात आई म्हणाली, "गेली."

पट्टी माझ्यासमोर स्क्रीनवर ढळढळीत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला, बराच जुना. यात बाजूचं दिसणं हळूहळू जातं, माणसाला पत्ताही लागत नाही, असं ते म्हणाले. गेलेली नजर परत येणार नव्हती. राहिलेली टिकवायला रोज थेंब.

रिक्षात मी माफी मागितली. "तुला तरी कुठं ठाऊक होतं," आई म्हणाली. त्यानं मी आणखीच चिडले. ठाऊक कसं नव्हतं? ती रोज सांगत होती.

गेल्या महिन्यात एका अपडेटनं पट्टी पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवली, न विचारता. दहा मिनिटांत मी ती मधोमध आणली. मग त्या चर्चेत जाऊन गृहस्थाला लांबलचक, जहरी उत्तर लिहिलं आणि पुसलं. त्याऐवजी माझी पूर्ण फाइल तिथं टाकली. वर एकच ओळ लिहिली: ज्यांना कोपरा दिसत नाही त्यांच्यासाठी.