जोडीची सही

ठाण्याच्या ज्या हॉटेलात मी खोल्या आवरायचे, तिथे गादी उचलायला दोघी हव्यात असा नियम होता. शिकवायला एक सर आलेले. "कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, वजन अंगाजवळ घ्या," असं म्हणत त्यांनी खोकं उचलून दाखवलं. खोकं रिकामं होतं. आम्ही तरी टाळ्या वाजवल्या, आमच्यासारख्या शहाण्या आम्हीच.

तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर एक कागद लागला. खोलीचा नंबर आणि पुढे जोडीच्या दोन सह्या. माझी जोडीदारीण शहाडची, मी आंबिवलीची. पण बायका कमी पडायला लागल्या तसा सुपरवायझरने तिला वरचा मजला दिला आणि मला खालचा. कागद मात्र तोच राहिला. मग डबा खाताना मी तिच्या कागदावर सही करायचे, ती माझ्या. रिकाम्या रकान्यावरून कुणी तिला बोलू नये, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

एकटीने चादर खोचायची म्हणजे गादीचा कोपरा उचलून गुडघ्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने चादर आत सारायची. एका दुपारी गादी तशी गुडघ्यावर असतानाच कमरेत काहीतरी सटकलं. तोंडातून नुसतं "हं" निघालं. मी पलंगावर आडवी झाले, आणि पहिला विचार काय आला, तर चादर चुरगळली.

डॉक्टरांनी वाकायचं काम बंद करायला सांगितलं. नोकरी टिकावी म्हणून मी टॉवेलच्या घड्या घालायचं बसकं काम मागितलं. मॅनेजरने कागदांचा गठ्ठा पुढे टाकला.

"रोज दोघी होतात की. मग कंबर कशी जाईल? घरी काहीतरी उचललं असेल तुम्ही."

"सर, मी एकटीच होते," मी म्हटलं. त्यांनी जोडीदारिणीला बोलावलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो सर, मी होते."

खरं बोलली असती तर खोट्या सह्यांपायी तिची नोकरी गेली असती, हे मला कळत होतं. तरी तिचा भयंकर राग आला. तिच्या जागी मीही तेच बोलले असते, म्हणून तो जास्तच आला. मला बसकं काम मिळालं नाही, घरी बसवलं. माझा मजलाही तिच्याच गळ्यात पडला.

रविवारी ती घरी आली. मी खाली अंथरुणावर होते. चहा टाकायला उठायला गेले, पण उठताच येईना.

"थांब गं," ती म्हणाली. गुडघ्यात वाकली, मला अंगाजवळ घेतलं, अगदी सरांनी दाखवलेलं तसं. मी अर्धीमुर्धी उठले असेन, तेवढ्यात तिच्या तोंडातून "हं" निघालं.

मी तिच्याकडे बघितलं.

"काही नाही गं," ती म्हणाली, "ऊठ तू."