सांता साध्या वेशात

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण ह्या गोष्टीत पुढं पुढं हसू कमी होत जातं. गाढव कोण, हे विचारू नका. तुमच्यासमोरच बसलंय!

तर मी दाऊद. धंदा विम्याचा. धडधाकट माणसाला 'तुम्ही गेल्यावर घरच्यांचं काय?' असं विचारायचं, आणि वर त्याच्याच घरचा चहा प्यायचा. हे जमलं की माणसाला वाटायला लागतं, आपण कुणालाही काहीही पटवू शकतो. मलाही वाटलं. रविवारी आमच्या चर्चच्या शब्बाथशाळेत मी पोरांना शिकवतो. देव कसा आहे, त्याची कृपा म्हणजे काय, वगैरे. पोरं शांत बसतात. जांभयासुद्धा शांतपणे देतात.

यंदा डिसेंबर लागला तसं मी वर्गात विचारलं, "नाताळला कोण येतं रे?"

"सांताऽऽ!"

छप्पर उडायचं बाकी राहिलं. बघा आता! प्रभू येशू बिचारा गव्हाणीत, आणि भाव सगळा त्या लाल डगलेवाल्याला! दुसरा कुणी असता तर रागावला असता. पण मी पडलो हुशार. म्हटलं, सांता तर सांता. ह्या सांतालाच धरून पोरांना देव शिकवू!

कल्पना अशी. सांता लांबून ओळखू येतो. लाल कपडे, पांढरी दाढी, खांद्यावर पोतं. पण देव जगात आला तेव्हा कसा आला? गरिबाच्या पोटी, गोठ्यात. कुणी ओळखलं? कुणी नाही! म्हणून या वर्षी आमचा सांता लाल कपड्यात येणार नाही. साध्या, फाटक्या माणसाच्या वेशात येईल. पोरांनी त्याला ओळखायचं, मान द्यायचा. मग बोचक्यातनं चॉकलेटं निघतील, आणि देव माणूस झाला म्हणजे काय, हे पोरं जन्मभर विसरायची नाहीत.

आहे की नाही बेत? आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तर माझा हातच धरला. "दाऊदभाऊ, हा चालताबोलता उपदेश आहे!"

घरी बायको, रूथ, एवढंच म्हणाली, "अहो, चॉकलेटं वाटा आणि मोकळे व्हा. तुमचं डोकं चाललं की मला लोकांची माफी मागत फिरावं लागतं."

मी ऐकलं का? मग आज तुम्हाला सांगायला काय उरलं असतं!

मी वर्गात हे सांगितलं मात्र, पोरांनी दुसऱ्या दिवसापासनंच शोध सुरू केला. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला विचारलं, "काका, तुम्ही सांता हाय काय?" तो म्हणाला, "व्हय, पर आधी टाकीचं पैसं द्या." दूधवाल्याची किटली उघडून बघितली. एका रिक्षावाल्याला आमच्या मंडळीतल्या पोरीनं हार घातला. त्यानं त्या दिवशी भाडं घेतलं नाही म्हणे. मी खूश! म्हटलं, शिकवण मुरायला लागली.

सांता व्हायचं होतं माझ्या मेहुण्यानं, शमुवेलनं. मिरजेला असतो, आमच्याकडं त्याला कुणी ओळखत नाही. नाताळच्या दुपारी त्याचा फोन.

"दाजी, अंगात ताप भरलाय. पण घाबरू नका, इथला एक नाटकातला माणूस पाठवतोय. गरिबाचं काम असं करतो, की तुम्ही खिशातनं पैसे काढाल! फक्त एक लक्षात ठेवा. एकदा भूमिकेत शिरला, की कितीही विचारा, बाहेर यायचा नाही."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं हो!

दिवस मावळायला आला. चर्चच्या अंगणात मांडव, चांदण्यांचे कंदील, मागं मटणाचं पातेलं रटरटतंय. मी फाटकात उभा. आणि समोरनं आला की तो!

काय सोंग होतं! उसवलेला स्वेटर, डोक्याला मफलर, खांद्यावर बोचकं, हातात पोचे पडलेला थर्मास. चालणंसुद्धा असं, की पायाला फोड आलाय असं वाटावं. मनात म्हटलं, मिरजेची माणसं कलाकार खरी!

तो जवळ आला आणि म्हणाला, "पावणं, हितं वाईच गरम पानी मिळंल काय? आमची मंडळी आजारी हाय."

मी थक्क! अहो, आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्चची माणसं. सगळा समाज. ह्या पठ्ठ्यानं पहिल्याच वाक्यात आमच्या दुखण्यावर बोट ठेवलं! मंडळी आजारी आहे! आमच्या मंडळीत दोन पक्ष पडलेत, ते ह्याला शमुवेलनं सांगितलं असणार.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो."

"माजी?" तो दचकला. "न्हाई, मला पानी घिऊन सरकारी दवाखान्यात जायाचं हाय."

"जाऊ की! आधी स्टेजवर जाऊ!"

दंडाला धरून नेला. पोरांनी एकच गलका केला. "सांता आला! सांता आला!" बायकांनी ओवाळलं. मंडळीच्या खजिनदारांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. कोल्हापुरात माणसाचा मान करायचा आणि फेटा नाही, असं कसं चालेल? मी त्याला मधल्या खुर्चीत बसवला आणि माइक त्याच्या तोंडापुढं धरला.

"सांगा बाबा, कुठनं आलात?"

"कबनूरस्नं. कापडाच्या मागावर कामाला हाय मी. सायेब, मला सोडा की. मंडळी लै आजारी हाय. तिच्याजवळ कुनी न्हाई."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी माइक घेतला. "ऐकलंत? मंडळी आजारी आहे! आणि तिच्याजवळ कुणी नाही! बंधूंनो, आपण आपल्या मंडळीजवळ आहोत का? की आपापल्या भांडणात आहोत?"

दोन्ही पक्षांनी माना खाली घातल्या. एरवी वर्षभर उपदेश करून जे जमलं नव्हतं, ते ह्या माणसानं एका वाक्यात केलं!

तो उठायला लागला. मी खांदा दाबून बसवला. भूमिकेत शिरलाय म्हटलं, पण कार्यक्रम तर पुढं न्यायला हवा ना? "आता बघू या, बाबांनी बोचक्यातनं काय आणलंय!"

पोरं पुढं सरकली. मी गाठ सोडली. निघालं काय? एक वाकळ. ॲल्युमिनियमचा रिकामा डबा. कंगवा. एक विटलेलं लुगडं.

समोरची एक चिमुरडी म्हणाली, "सर, ह्यात गिफ्ट कुठाय?"

मी क्षणभर गडबडलो. चॉकलेटं कुठं गेली? पण विमेवाला थांबतोय होय? म्हटलं, चॉकलेटं शेवटी काढणार असेल. लुगडं उंच धरलं आणि ठोकून दिलं, "पोरांनो, प्रभू आला तेव्हा त्याच्याकडं तरी काय होतं? अशीच कापडं गुंडाळून त्याला गव्हाणीत ठेवलेलं!"

टाळ्या! कडकडून टाळ्या!

आणि तो म्हातारा माझ्या हातातलं लुगडं ओढत म्हणाला, "नगा की सायेब. तिचं हाय त्ये. सगळ्यांम्होरं नगा दावू."

खोटं नाही सांगत. वाटलं, काय अभिनय आहे!

तेवढ्यात फाटकात आरडाओरडा. आमच्या स्वयंसेवकांनी एका फाटक्या माणसाला कॉलर धरून अडवलेला. तो मात्र घुमत्या आवाजात ओरडत होता, "हात सोडा! मी मिरजेहून यष्टीनं आलोय! शमुवेलनं पाठवलंय मला! माझी एंट्री कुणी घेतली?"

त्याच्या बोचक्यातनं चॉकलेटं सांडत होती.

मी खुर्चीतल्या माणसाकडं बघितलं. त्याच्या पायाला खरोखरच फोड होता. आणि मंडळी... अहो, गावाकडचा जुना माणूस बायकोचं नाव घेत नाही. तिला 'आमची मंडळी' म्हणतो! माझा आजासुद्धा तसंच म्हणायचा. बायको दवाखान्यात पडलेली, आणि मी तिचं लुगडं मांडवात मिरवत होतो.

आता तुम्ही म्हणाल, दाऊदभाऊ, तुम्ही लगेच त्या म्हाताऱ्याचे पाय धरले असतील.

नाही धरले. लोक हसायला लागतील, ह्याची मला जास्त भीती वाटली. मी माइक तोंडाला लावला आणि मोठ्यानं म्हणालो, "आणि आता येताहेत खरे सांता!"

नटाला वर घेतला. त्याला खुर्ची लागणार होती, म्हणून म्हाताऱ्याला उठवलं. हातानं बाजूला सारलं. नंतर तो कुठं गेला, मी बघितलंसुद्धा नाही. नटानं काम झकास केलं. पोरांनी त्याला बरोबर ओळखलं, मान दिला, चॉकलेटं मिळाली. पाळकसाहेब म्हणाले, "दाऊदभाऊ, देव कसा येतो ते आज कळलं पोरांना!"

पंगत बसली. रूथ वाढत होती. माझ्या ताटाशी थांबली.

"अहो, ते पहिले आजोबा कुठं गेले? काय पाहिजे होतं त्यांना?"

"गरम पाणी."

"दिलंत?"

हातातला घास ताटात टाकला. मी उठलो, दिसेल तो डबा घेतला, मटण-भात कोंबला, रस्सा ओतला, आणि स्कूटर काढली. निम्म्या वाटेत लक्षात आलं, की मागितलं होतं पाणी, आणि मी आजारी बाईला तांबडा रस्सा घेऊन निघालोय!

दवाखान्याच्या दारात सिक्युरिटीवाला होता, आणि पायरीवर तो. डोक्याला अजून आमचा फेटा, मांडीवर बोचकं, शेजारी रिकामा थर्मास.

"ह्यांना बाहेर का बसवलंय?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"भेटायची येळ संपली," सिक्युरिटीवाला म्हणाला. "आनि त्येचा अवतार बघा की! म्हनं बायकू आजारी हाय, आनि डोक्याला फेटा! म्हटलं, लगनातनं दारू पिऊन आलंय म्हातारं. ऱ्हा म्हटलं भाईर."

मी पुढं झालो. "बाबा..."

त्यानं वर बघितलं. मला ओळखलं. आणि झटकन उठून बोचकं छातीशी धरून मागं सरकला. भिंतीला टेकला. डोक्यावरचा फेटा ओरबाडून काढला आणि माझ्यापुढं धरला.

"ह्यो घ्या तुमचा. हात जोडतो सायेब, परत तितं न्हेऊ नका. मी काय बी क्येलं न्हाई. मला तिच्याकडं जाऊ द्या."

"अहो, मी डबा..."

"नगं! कायबी नगं! मी न्हाई येनार!"

सिक्युरिटीवाल्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग मधे येऊन उभा राहिला. "ओ पावणं, कशाला पिडताय गरिबाला? वसुलीवालं हाय काय तुमी? आजा, तू जा आत. जा, मी बगतो ह्येच्याकडं."

म्हातारा गेला. फोड आलेल्या पायानं, जवळजवळ पळतच. माझ्या हातनं त्या दिवशी त्याचं एवढं एकच भलं झालं. माझ्यापासनं वाचवायला म्हणून त्याला आत सोडला!

मला मात्र दंडाला धरून फाटकाबाहेर काढला. एका हातात फेटा, दुसऱ्या हातात डबा.

घरी आलो. रूथनं माझ्या तोंडाकडं बघितलं. डबा घेतला, मटण गरम केलं, ताट वाढलं.

तुम्हाला वाटेल, माझ्या घशाखाली घास उतरला नसेल.

उतरला हो! रस्सा झकास झाला होता. मी परत मागून घेतला.