शाळेची मूठ

सिरसखेडच्या खुशालरावांना किळस फार लवकर यायची. अकोटच्या वाटेवरचं हे गाव त्या साली कापसाच्या भावानं असं माजलं होतं, की बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आणि मालकाच्या अंगावर आठवड्याचा मळ. शेंब्या दिसल्या की खुशालराव बाजूला वळून थुंकत. जिलबीनं चिकटलेल्या मिशा दिसल्या तरी थुंकत. त्यांची बायको शकुन म्हणायची, "एवढ्या थुंकीत माहा वांग्याचा वाफा भिजला असता."

या माणसाला गावात एकच गोष्ट स्वच्छ वाटे, ती म्हणजे शाळा. तीही त्यांनीच खटपट करून आणलेली. शेतसाऱ्यावर थोडी पट्टी द्यायला गाव तयार झालं तर पंतोजी मिळेल, असं कचेरीतून कळलं होतं. खुशालराव दारोदार फिरले, हातापाया पडले, आणि देवळाच्या मंडपात पोरं बाराखडी घोकू लागली. त्यांचा गोवर्धन त्यातच होता. आपलं पोर तरी अंगठेबहाद्दर राहू नये, एवढाच बापाचा हट्ट.

दुसऱ्या वर्षी भगवंतराव पाटलांच्या पोटात दुखू लागलं. अर्ध्या गावाचं वावर त्यांचं, म्हणून अर्धी पट्टीही त्यांच्याच बोकांडी.

"माह्या वावरात का शाळा उगवून राह्यली?" पाटील चावडीवर गरजले. "नफा खाते व्यापारी अन् पट्टी भरते कुणबी! वावरावरची पट्टी काढा. गावच्या काट्यावर कापसाची गाडी लागली का शाळेच्या नावानं एक मूठ घ्या. बस!"

मूठ ही जुनीच चाल. गाडी काट्याला लागली की देवीची एक मूठ, पिराची एक मूठ कापूस बाजूला काढायचा. नावाला मूठ, काढणाऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत जात.

पाटलांचं बोलणं खुशालरावांना कधी नव्हे ते पटलं. व्यापाऱ्यांची त्यांना पाटलांहून जास्त शिसारी होती.

कोपऱ्यात बसलेल्या बशीर पिंजाऱ्यानं विचारलं, "खुशालभाऊ, हे मूठ तोलाच्या पयले काढसान का बादमें?"

"पयलेच!" खुशालराव उसळले. "व्यापाऱ्याचा हात लागलेला उष्टा कापूस सरस्वतीले देतं का बे? देवीची पयले, पिराची पयले, मंग विद्येची काहून मागून?"

चावडी खूश झाली. पाटलांनी तर खुशालरावांच्या पाठीवर थाप मारली. कचेरीनं 'गावाची मर्जी' म्हणून पट्टी उतरवली.

हंगाम आला आणि सोवळ्याचा हिशेब उघडा पडला. तोलाआधी काढलेला कापूस कुणब्याचाच. व्यापारी तोलल्या मालाचेच पैसे मोजणार. म्हणजे व्यापाऱ्याला धक्का नाही, आणि खुशालरावांच्या गाडीतून मात्र कोपरभर हात आत. पाटील? त्यांनी कापूस वेचायच्या आधीच उभी पऱ्हाटी, म्हणजे झाडांवरचं पीकच, व्यापाऱ्याला विकून टाकली होती. व्यापाऱ्याच्या गाड्या वावरातून परस्पर अकोटला गेल्या, गावच्या काट्याचं तोंडही न बघता. वावराची पट्टी गेली ती गेली, मूठही नाही.

तरी मंडपात कापसाचा ढीग लागला. पण सात समुद्रांपलीकडची कुठलीशी लढाई थांबली आणि इकडे भाव असा कोसळला, की त्या ढिगाला गिऱ्हाईक मिळेना. उंदरांनी त्यात बिऱ्हाड केलं. गावकरी पंतोजीला पगाराच्या जागी कापूस घ्या म्हणाले. तो बिचारा म्हणाला, "मी काय उशी आहे?"

मग ढीगही कमी होऊ लागला. खुशालराव तडक पाटलांकडे गेले. बैठकीत नवी जाड गादी पसरलेली.

"या, बसा. नरम हाय."

"शाळेच्या कापसाची हाय."

"मंग त बसाच! तुमचाच कापूस हाय तो," पाटील हसले. दाताला पान लागलेलं.

खुशालराव उभेच राहिले. म्हणाले, "पट्टी परत वावरावर घ्या, पाटील. मी माही आधी भरतो."

"मले काय सांगता? गावाले इचारा."

त्यांनी गावाला विचारलं. ज्यांचा कापूस गेला होता तेच ओरडले, "आता पट्टीबी नाई अन् मूठबी नाई! भाव पडला, शाळा कशाले पाह्यजे?" हेच लोक गेल्या वर्षी बैलांना जिलबी चारत होते. खुशालराव बाजूला वळून थुंकले. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त किळस आली ती त्या 'उष्टा' शब्दाची, जो त्यांच्याच तोंडून निघाला होता.

पंतोजीनं वळकटी बांधली. खुशालरावांनी ती त्याच्या हातातून ओढली आणि आपल्या बैलांच्या कोठ्यात नेऊन ठेवली. "भाकर माह्या घरी. पगाराचं मी पाहतो. शिकवणं इथं."

शकुननं शेण भरता भरता विचारलं, "तुमच्यानं हा वास सोसन?"

"चावडीपरीस बरा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवर्धनच्या आधी दारात कोण उभं? पाटलांचा नातू महादेव, तेल चोपडून, नवी पाटी काखेत मारून. "आजानं धाडलं. म्हणे फुकट हाय, जाय."

खुशालरावांचा ओठ वाकडा झाला. पोरानं पाटी घट्ट धरली. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मग वळून बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

"सरक रे तिकडं. जागा दे त्याले."