नारूची तीन हजार एकशे बारा अवतरणं

चिंचणीच्या नारूने आयुष्यात एकदाच खोटं केलं. तेही इतकं सुबक की त्याच्या शाळेतल्या बाईने, म्हणजे मी, डोळे झाकून त्यावर बरोबरची खूण केली. मला अजून माझाच राग येतो.

नारू तारापूरच्या एका कारखान्यात ट्रकमध्ये माल चढवून घेतो. पाळी संपली की तो एका ऑनलाइन मराठी शब्दकोशासाठी फुकट राबायचा. काम मोठं किचकट. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकांची स्कॅन केलेली पानं वाचायची, आणि एखादा शब्द जिथे आलाय ते वाक्य अवतरण म्हणून कोशात मांडायचं. जुन्या छपाईत शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, ते तोडायचे नाहीत. ओळ संपली तिथे तिरकी रेघ द्यायची. शाईने खाल्लेलं अक्षर चौकटी कंसात घालायचं. छापणाऱ्याची चूकसुद्धा जशीच्या तशी ठेवायची. शहाणपण करायचं नाही. डहाणूला घरी बसून ही अवतरणं मी तपासायची. इतरांची तपासताना डोकं उठायचं. नारूच्या कामात नऊ वर्षांत एक रेघ इकडची तिकडे झाली नाही.

त्याची आई हंसाबाई बोंबील सुकवते. शाळेची पायरीही न चढलेली बाई. एकदा ती त्याला म्हणाली, "एवढे शब्द लिवतोस, त्यात आपला एक तरी हाय का?"

नव्हता. बोंबील वरून सुकलेला पण आतून ओला असतो, त्या अवस्थेला हंसाबाईंकडे एक शब्द आहे. तो वलांडीखालून, म्हणजे बोंबील टांगायच्या बांबूंखालून, ओरडून सांगायचा असतो. ऐकला की कुणी मासळीला हात लावत नाही. तो शब्द मी इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिला तर उद्या कुणीतरी याच लेखाचा आधार दाखवेल आणि पुन्हा तोच घोळ होईल.

नारूने तो शब्द कोशात घातला, अर्थ आईच्या तोंडून घेतला. हंसाबाईंनी मोबाइलवरची ती ओळ शेजारपाजारच्या बायांना दाखवली. स्वतःला वाचता येत नव्हतं, पण नेमकं बोट ठेवायच्या. वर्षभराने कोशाच्या संपादक मंडळाची सूचना आली: महिनाभरात जुना छापील आधार द्या, नाहीतर शब्द काढला जाईल.

नारूने रजा टाकून पुस्तकं चाळली. किनाऱ्याबद्दल लिहिणाऱ्यांनी बंदरं लिहिली, जकात लिहिली, मासळीची दुर्गंधी लिहिली. सुकवणाऱ्या बायकांना कुणी काही विचारलंच नव्हतं. शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडून अवतरण आलं. शके १७७९चं पुस्तक, मासळीच्या व्यापाराविषयी. शब्द चिकटलेले, तिरक्या रेघा जागच्या जागी, एक अक्षर शाईने खाल्लेलं. माझे डोळे भरून आले. स्कॅन कुठाय, हे विचारायचं मला सुचलंही नाही. नारूला काय विचारायचं?

चार महिन्यांनी पुण्याच्या एका संशोधक बाईंनी विचारलं, हे पुस्तक कुठल्या ग्रंथालयात मिळेल? मी नारूला फोन लावला.

"नारू, पुस्तक कुठंय?"

"बाई, शब्द खरा हाय."

"मी पुस्तकाचं विचारतेय."

"शब्द खरा हाय, बाई," एवढंच तो म्हणत राहिला.

मंडळाचा नियम साधा: एक अवतरण बनावट निघालं की त्या माणसाची सगळी काढायची. मी भांडले, हातापाया पडले. प्रमुख शांतपणे म्हणाले, "बाकीची खरी कशावरून?" त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येईना. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते असं. तीन हजार एकशे बारा अवतरणं, नऊ वर्षांची. तपासनीस मी, म्हणून काढायचं कामही माझ्याकडेच आलं. एक बटण होतं. ते दाबायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आधार गेला तसा हंसाबाईंचा शब्दही कोशातून गेला.

नारूने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्याने संगणक विकला आणि माझे फोन घेणं बंद केलं.

शेवटी गेल्या महिन्यात मीच चिंचणीला गेले. हंसाबाई वलांडीखाली होत्या. नारू पलीकडे बांबू बांधत होता. मला बघून त्याने मान खाली घातली. शेजारची रुपल बोंबलांना हात लावून ओरडली, "काकी, काढू का?"

याचं उत्तर तो एकच शब्द. मी कान देऊन थांबले.

हंसाबाई जरा अडखळल्या. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "अर्धवट... सुकले आहेत. राहू दे."

मी विचारलं, "तुमचा शब्द का नाही म्हणालात?"

"तो खोटा होता ना, बाई. शिकलेल्या लोकांनी काढून टाकला. सत्तर वर्सं उगाच बोलले मी." मग तोंडावर पदर धरून, वर्गातल्या पोरीसारखं त्यांनी मला विचारलं, "आता बरोबर बोलले ना?"

बांबू बांधणाऱ्या नारूचे हात थांबले होते. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी हो म्हटलं.