पाव बघून ओळखायचे

काकूंनी चाळणीतून माझे मोदक वेचून काढले. चिमट्याने. एकेक करून सात. "हे मुलांच्या ताटात जाऊ देत, नैवेद्याला नकोत," सुनेला म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. तासाभरापूर्वी याच काकू म्हणत होत्या, "अगं, काय सुरेख कळ्या पाडतेस!"

मधल्या तासात एवढंच झालं, मी आडनाव सांगितलं.

ओहायोतलं डब्लिन. इथल्या मराठी मंडळातल्या काका-काकूंकडचा गणपती. मी इथे कोलंबसला इतिहासात पीएचडी करते. काकांनी मला हॉलमध्ये बोलावलं. "तुझा टॉपिक सांग बरं सगळ्यांना." मी रंगात आले. म्हटलं, हजारेक वर्षांपूर्वी बायझंटाइन साम्राज्यात पूर्वेकडून अर्मेनियन माणसं यायची. ग्रीक शिकायची, ग्रीक नावं घ्यायची, ग्रीकांचं चर्च स्वीकारायची. सेनापती व्हायची. काही तर गादीवरही बसली. जे आपल्या चर्चला धरून राहिले, त्यांचा प्रार्थनेतला पाव बिनखमिराचा. ग्रीकांचा खमिराचा. पाव बघून माणूस ओळखायचे आणि हिणवायचे.

"वा, हुशार आहे पोरगी!" काका म्हणाले. "आडनाव काय म्हणालीस?"

मी म्हणाले नव्हते. कधीच म्हणत नाही. पासपोर्टवर आडनावाच्या जागी बाबांचं नाव आहे. नागपूरहून निघताना बाबाच म्हणाले होते, "तिकडे गोरे नाही विचारणार, आपलेच विचारतील." तेव्हापासून मला प्रत्येक प्रश्नात काळंबेरं दिसतं. गाव कुठलं? व्हेज का? घरी सण कोणते करता? सहज विचारतात म्हणे. सहज कसलं डोंबलाचं! अर्मेनियनांचा विषयही मी लपायला घेतला की काय, असा माझा माझ्यावरच संशय आहे. त्यांच्याबद्दल बोललं की स्वतःबद्दल बोलावं लागत नाही.

त्या दिवशी कौतुकाने विरघळले. आडनाव सांगून टाकलं. वर म्हटलं, "आम्ही बौद्ध." काका "अच्छा, अच्छा" करत उठले आणि किचनमध्ये गेले. त्यांच्यामागोमाग मीही मोदकांकडे परतले, तर हे.

मुलांनी ते सात मोदक फस्त केले. नातू ओरडला, "आजी, दीज आर द बेस्ट!" काकू आरतीचं तबक पुसत राहिल्या.

मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो आधी स्वतःचा आला. माझ्या नोंदींत एक सेनापती आहे. नाव सोडलं, चर्च सोडलं, भाषा सोडली. दरबारात भांडण झालं आणि लिहिणाऱ्याने लिहिलंच, मूळचा अर्मेनियन. तीन वर्षं हे वाचतेय मी. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

आठवड्याने काकांचा फोन आला. मंडळात माझं व्याख्यान ठरलं होतं, त्याच्या फ्लायरबद्दल.

"बेटा, नुसतं फर्स्ट नेम टाकू या का? क्लीन दिसतं."

"पूर्ण टाका काका. आडनावासकट."

"अगं, लोक उगाच चर्चा करतात..."

"करू देत."

"मग कदाचित कॅन्सल करावं लागेल."

"करा."

केलं. मी युनिव्हर्सिटीत हॉल मागितला, मिळाला. पोस्टर स्वतः केलं. माझं नाव सगळ्यात वर, आडनाव सगळ्यात मोठ्या टाइपात. मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. काका-काकूंना वेगळं पाठवलंय. येणार नाहीत, माहीत आहे. आले तर खुर्ची आहे. किचनमध्ये जाऊन काय कुजबुजायचं ते आता भर सभेत विचारा. मी माईकवर उत्तर देईन.