गाडेकर सरांचं साठ माणसांचं गाव

कॉम्प्युटरचा कीबोर्ड कधी उलटा करून टेबलावर आपटून बघा. मुरमुरे, पेन्सिलीचा भुगा, कुणाच्या तरी शर्टाचं बटण, काय काय पडतं! कधी सांडलं होतं ते आठवतही नाही. आमच्या कॉलेजातल्या गमतीजमतींचं तसंच आहे. आम्ही जुने स्टाफवाले जालन्यात कुणाच्या लग्नात एका पंगतीला बसलो, की कुणीतरी नुसतं म्हणतं, "गाडेकर सरांचं गाव आठवतंय का रे?" आणि तिथून पुढं भात गार होतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी जालन्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. लॅबमध्ये मोजून चार मशीन, पण थाट असा की प्राचार्यांनासुद्धा चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मशीनला व्हायरस लागू नये म्हणून! गाडेकर सर अर्थशास्त्राचे. मूळचे तीर्थपुरीकडचे, घरी वडिलांची मेंढरं होती. शिकवायचे झकास, पण नोकरी कच्ची. दरवर्षी नवी ऑर्डर. एम.फिल. झालं तर पक्कं होण्याची आशा होती. वहिनी, दोन पोरं, भाड्याची खोली, सगळं त्या एम.फिल.कडं डोळे लावून बसलेलं.

एका दुपारी सर चपला काढून लॅबमध्ये आले. म्हणाले, "पवार, मला एक गाव पायजे."

मला वाटलं प्लॉट बघताहेत. म्हटलं, "सर, एमआयडीसीकडं रेट लई वाढलेत."

"तसलं न्हाई हो. तुमच्या मशीनमदी पायजे. सगळ्यांकडं बराबर पैसा. कुणी हुशार न्हाई, कुणी येडा न्हाई, कुणाच्या बापाची जमीन न्हाई. दोघं भेटणार, नाणं उडवणार. छापा आला तर ह्याचा फायदा, काटा आला तर त्याचा. दोघांत जो गरीब, त्याच्या पैशाच्या दहाव्या भागाचाच सौदा. अन् असंच चालू ठेवायचं. बघू काय होतं!"

"काय होणार सर? आज याचं, उद्या त्याचं. शेवटी सगळे तिथल्या तिथं!"

सर माझ्याकडं बघून हसले. "पवार, तुमच्या घरी कुणी पत्ते खेळत न्हाई का?"

* * *

प्रोग्रॅम मी लिहिला. स्क्रीनवर माणूस एक, माणूस दोन, माणूस तीन असे आडवे पट्टे आले. जेवढा पैसा तेवढा लांब पट्टा. सर भडकलेच!

"माणसाला नंबर देऊन राह्यले? हे काय जेल हाय का?"

मग नावं कुठून आणायची? स्टाफ होता साठ जणांचा. प्राचार्यांपासून शिपाई बाबूमामापर्यंत सगळ्यांना गावात घातलं, प्रत्येकाला हजार रुपये दिले आणि गाव सुरू केलं.

दुसऱ्या दिवसापासून लॅबबाहेर चपलांचा ढीग! तास सुटला की जो तो यायचा. "माझं किती झालं?" "कालच्यापेक्षा वाढलं का?" वनस्पतिशास्त्राचे खरात सर तर हातातला खडूही न ठेवता यायचे. त्यांचा पट्टा रोज आखूड होत होता.

"मी शेवटचा सौदा कुणाशी केल्ता?" त्यांनी विचारलं.

मी बघून सांगितलं, "ग्रंथपाल मॅडमशी. तुम्ही हरलात."

खरात सर मान हलवून वर्गावर गेले. पण त्या दिवसापासून त्यांनी लायब्ररीची पुस्तकं परत करणं बंद केलं!

* * *

गाव जसजसं चाललं तसतसं माझं तोंड बारीक होत गेलं. कारण सगळे तिथल्या तिथं राहिलेच नाहीत. थोडे लोक फुगत चालले, बाकीचे वाळत चालले. मला वाटलं, माझाच प्रोग्रॅम चुकला. ओळ न् ओळ तपासली. चूक एकच सापडली, 'गाडेकर' लिहिताना एक अक्षर राहिलं होतं.

आणि सगळ्यात वाळलेला पट्टा कुणाचा होता? प्राचार्यांचा! नऊ रुपये. मी प्रोग्रॅममध्ये पैसे धरलेच नव्हते, नुसते रुपये धरले होते. त्यामुळं नवाचा दहावा भाग शून्य. म्हणजे साहेबांना आता सौदाच करता येईना. नऊ रुपये धरून गावाच्या कडेला बसले.

मी सरांना हळूच म्हटलं, "सर, शेपाचशे टाकू का साहेबांच्या खात्यात?"

"बिलकुल न्हाई! इथं वशिला चालत न्हाई."

तेवढ्यात प्राचार्य आलेच. चष्मा वर करून स्क्रीनकडं बराच वेळ बघितलं.

"म्हणजे माझ्याकडं नऊ रुपये?"

"हो सर."

"आणि हा सगळ्यात लांब पट्टा?"

"बाबूमामा, सर."

बाबूमामा दारातच उभे होते, पाण्याचा जग घेऊन. प्राचार्य वळले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "बाबू, सगळ्यांना चहा सांग. आज पैसे तू देशील!"

* * *

बाबूमामांचं सुख टिकलं नाही. एका सकाळी लॅब उघडली तर त्यांच्या नावापुढं उणे बत्तीस हजार! बाबूमामा पाण्याच्या जगासकट खुर्चीवर बसले.

"पवार सर, काल तर मी गावचा मालक व्हतो. माझा पैसा खाल्ला कुनी?"

भानगड अशी होती, की त्या जुन्या मशीनमध्ये आकडा ठेवायचा डबा लहान. साधारण बत्तीस हजारांच्या वर गेला, की आकडा उलटून थेट उण्याच्या तळाला! सगळ्यात श्रीमंत माणूस एका नाण्यात सगळ्यात गरीब.

मी हे समजावून सांगितलं, तर गाडेकर सर टेबलावर थाप मारून उठले. "पवार, हे असंच राहू द्या!"

"सर, ही चूक आहे."

"चूक कामून? एका माणसाकडं एवढ्याच्या वर पैसा मावतच न्हाई! जे कोन्या सरकारला सुचलं न्हाई ते तुमच्या डब्याला सुचलं!"

मी डबा मोठा केला. सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

मग सरांनी गावात कर आणला. प्रत्येक फेरीला सगळ्यांच्या पैशातला थोडा भाग काढायचा आणि तो साठांत सारखा वाटायचा. एवढ्यानंच गाव बदललं. लांब पट्टे जरा आत आले, आखूड पट्टे जरा बाहेर. प्राचार्य नवावरून उठून पुन्हा सौद्याला लागले.

खरात सर स्टाफरूममध्ये आयुष्यभर एकच भाषण करायचे, की सरकार लोकांना फुकटचं देऊन आळशी करतं. तेच खरात सर माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले, "गाडेकर, ह्यो कर दुप्पट करा. गरिबाला काई सुटून राह्यलं न्हाई!"

आम्ही दुप्पट केला. गाव पुन्हा पहिल्यापासून चालवलं. यावेळी नाणी वेगळी पडली आणि खरात सर सगळ्यांच्या पुढं निघाले. जेवणाच्या सुट्टीत आले, आपला पट्टा बघितला, सुखानं पोटावरून हात फिरवला. जाताना दारात थांबले.

"गाडेकर, त्यो कर जरा जास्तच होतोय. मानसानं मेहनत करायचीच कशाला मंग?"

* * *

कर बसला, तक्ते निघाले, प्रबंध होत आला. सर खुशीत होते. एक दिवस डबा विसरले म्हणून वहिनी स्वतः घेऊन आल्या. आम्ही त्यांना कौतुकानं गाव दाखवलं.

वहिनींनी पट्टे बघितले. "ह्यातलं कुनी आजारी पडतं का?"

"न्हाई," सर म्हणाले.

"लग्नकार्य? बाळंतपन? पाहुनेरावळे?"

"न्हाई. नुसते सौदे."

"अन् जेवतेत कुठं?"

सर माझ्याकडं बघायला लागले. मी कीबोर्डकडं.

वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. "मंग ह्याला गाव कामून म्हनून राह्यले? हे तर लॉजिंग हाय!"

त्यानंतर सरांनी गावात खर्च टाकला. दवाखाना, लग्न, पाहुणे. कधी कुणावर येईल सांगता येत नाही असा. प्रोग्रॅममध्ये मला त्याच्यासाठी वेगळा भाग लिहावा लागला. त्या भागाचं नाव मी 'वहिनी' ठेवलं आणि प्रबंधात ते तसंच छापलं गेलं!

* * *

तोंडी परीक्षा औरंगाबादला होती. तिथं गाव चालवून दाखवायचं म्हणून आम्ही मशीन गोधडीत गुंडाळून एसटीत घातलं. मॉनिटर माझ्या मांडीवर, मशीनचा मोठा डबा सरांच्या मांडीवर. बदनापूरच्या पुढं कंडक्टर आला.

"हे काय हाय?"

सर परीक्षेच्या तंद्रीत होते. तोंडातून निघून गेलं, "साठ मानसं हायत ह्यात."

कंडक्टरनं शांतपणे तिकिटांची पेटी उघडली. "मंग काढा साठ तिकिटं! जल्दी!"

सामानाचं तिकीट काढून सुटलो, पण रस्त्यानं गावाचे हाल केले. परीक्षकांसमोर बटण दाबलं, तर मशीन घुं करून गप्प. वर्षभराचं काम त्या डब्यात! सरांनी दोनदा बटण दाबून बघितलं. पण मग त्यांनी पिशवीत हात घातला. वहिनींनी वाटेत खायला भुईमुगाच्या शेंगा दिल्या होत्या. सरांनी तिन्ही परीक्षकांपुढं सारख्या शेंगा मांडल्या आणि खिशातला रुपया काढला.

"दोघं दोघं खेळा, साहेब. ज्याच्याकडं कमी, त्याच्या निम्म्या शेंगा डावावर."

आधी परीक्षक हसले. मग खुर्च्या पुढं ओढून घेतल्या. मग नुसता रुपया वाजायला लागला. थोड्या वेळानं जवळजवळ सगळ्या शेंगा एका साहेबांपुढं जमल्या. बाहेरून आलेले मोठे परीक्षक, ज्यांच्या सहीवर सगळं होतं, त्यांच्यापुढं एक शेंग उरली होती. तीही पोचट.

ते सरांकडं बघत म्हणाले, "गाडेकर, सिद्धान्त मान्य. पण तो रुपया जरा बघू द्या!"

* * *

एम.फिल. झालं. आता राहिली पक्की ऑर्डर, आणि ती होती संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात. ऑर्डर पुढं निघाली, ते आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या दिवशी आम्हाला कुठं माहीत होतं?

अध्यक्ष म्हणजे आबासाहेब. घनसावंगीकडं ऊस, जालन्यात बियाण्याचा कारखाना, पेट्रोल पंप. दर कार्यक्रमात त्यांचं भाषण एकच. "मी जालन्यात आल्तो तवा अंगावर एक सदरा व्हता. बाकी सगळं ह्या दोन हातांनी केलं!" असं म्हणून ते दोन्ही हात वर करायचे. पोरांना इतकं पाठ झालं होतं, की 'ह्या दोन' म्हटलं रे म्हटलं, की सगळा हॉल हात वर करायचा. आबासाहेबांना वाटायचं, पोरं भारावलीत.

लॅबच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. प्राचार्य सरांच्या कानाशी लागले, "गाडेकर, आज गाव नको. रंगीत चित्रं वगैरे दाखवा काहीतरी."

"सर, ऑर्डरवर सही त्यांचीच पायजे. मंग माझं काम तरी बघू द्या त्यांना."

आबासाहेब आले, चपला काढल्या, खुर्चीवर बसले. सरांनी सगळं समजावलं. सगळे बरोबरीचे, कुणी हुशार नाही, नुसतं नाणं.

"आमचं नाव घाला की ह्यात," आबासाहेब म्हणाले.

घातलं. गाव चालवलं. बघता बघता आबासाहेब गावाच्या तळाला! प्राचार्यांनी रुमाल काढला.

"परत चालवा."

परत चालवलं. या खेपेला आबासाहेबांचा पट्टा सरसर निघाला तो स्क्रीनच्या कडेला जाऊन टेकला. प्राचार्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्या स्टाफनं. आबासाहेबांनी वाजवल्या नाहीत. ते पुढं वाकून बघत होते.

"आत्ता जिकलो, ते कामून?"

"नाणं, आबासाहेब," सर म्हणाले.

"अन् मघाशी हरलो ते?"

"नाणंच."

"मानसाचे हात कुठं आले मंग ह्यात?"

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. गाडेकर सरांनी मात्र नजर खाली घातली नाही.

"हात सगळ्यांनाच दिलेत, आबासाहेब. बराबर दिलेत."

आबासाहेब उठले. चपला घातल्या. हॉलकडं चालू लागले, मागं आम्ही सगळे. हॉल पोरांनी गच्च भरला होता. ते माइकपुढं उभे राहिले, नेहमीसारखा घसा साफ केला.

"मी जालन्यात आल्तो, तवा अंगावर एक सदरा व्हता. बाकी सगळं ह्या दोन..."

सगळ्या हॉलनं हात वर केले.

आबासाहेबांचेही हात अर्धे वर आले होते. ते तिथंच थांबले. त्यांनी आपल्या तळव्यांकडं बघितलं. मग समोर बघितलं.

"जेवन तयार हाय," ते म्हणाले. "पोटभर जेवा."

आणि व्यासपीठावरून खाली उतरले. मागच्या रांगेतल्या पोरांचे हात तेव्हाही वरच होते.