एकमताने बंद केलेले आवाज

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाजी निरोप पाठवायचे नाहीत, हा नियम मी केला. तो मोडायला मला जवळजवळ नऊ महिने लागले, आणि त्या महिन्यांबद्दल अजून मला स्वतःचा राग येतो.

ग्रुप कुंभकोणम आणि आसपासच्या मराठी घरांचा. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली ही घरं; आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. नोकरीमुळे मी बारा वर्षं पुण्यात काढली, तिथे माझी देवनागरी पक्की झाली. परत आल्यावर ग्रुप सांभाळायचं काम मी आपणहून ओढून घेतलं. इथल्या बहुतेकांना मराठी फक्त बोलता येतं. लिहायची वेळ आली की ते तमिळ लिपीत लिहितात, नाहीतर इंग्रजी अक्षरांत. मला ते पाहवत नसे.

सकाळी सहापासून आवाज सुरू व्हायचे. कुणाच्या सांबाराची कृती, कुणाच्या गुडघ्याची तक्रार, मागे कुकरच्या शिट्ट्या. कामाचं एक वाक्य शोधायला सगळं ऐकत बसा. माझे कान किटले. संक्रांतीच्या आसपास मी झोकात, देवनागरीत प्रश्न टाकला: यापुढे सगळ्यांनी फक्त लिहूनच बोलायचं का? मान्य असेल त्याने अंगठा द्यावा. दुपारपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. मेलकावेरीत राहणाऱ्या माझ्या मावशीने तर सोबत हात जोडल्याचं चित्रही पाठवलं. सगळ्यांत लांबलचक निरोप तिचेच असायचे, म्हणून मला विशेष बरं वाटलं. त्यानंतरही कुणाचा आवाज आलाच तर मी तो लगेच पुसून टाकायचे, आणि हळूहळू ते यायचे थांबले.

दोन महिन्यांनी चेन्नईच्या चुलतभावाने विषय काढला. ग्रुप मुका झालाय, पुन्हा विचार करू या, असं त्याचं म्हणणं. मी लिहिलं, झाल्या निर्णयाचं दळण पुन्हा नको. नवीन कारण असेल तर सांग, करमत नाही हे कारण नव्हे. तो पुन्हा बोलला तेव्हा मी मावशीचा अंगठा त्याच्या तोंडावर मारला. जिला सगळ्यांत जास्त बोलायचं असतं तिचीच हरकत नाही, मग तुझं काय अडलंय? त्याने विषय सोडला, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

एक मात्र सांगते, माझं ते तत्त्व मला आजही पटतं. ठरलेलं रोज उकरत बसलं तर कंटाळलेली माणसं नाद सोडतात आणि जो चिवट त्याचंच चालतं. ठरलेल्याला थोडं तरी राहू द्यावं लागतं. फक्त ते खरंच ठरलं होतं का, हे मी कधी तपासलं नव्हतं.

नवरात्रात कोलूच्या बाहुल्या बघायला मी मावशीकडे गेले. तिने पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, एकटीनेच. मला प्रसादाचं सुंडल, खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, दिलं आणि आपला फोन माझ्यापुढे ठेवला.

"अस्के कां गप झाले ग?" तिने विचारलं. अस्के म्हणजे सगळे. "मी कांहीं चुकीचं बोललें कां?"

मी म्हटलं, अगं, ते तर ठरलंय, तूही अंगठा दिला होतास. शोधून दाखवलाही. तिने फोन लांब धरला, मग जवळ, आणि ओशाळून म्हणाली की तिला तो सणाचा निरोप वाटला होता. ती अक्षरं तिला येत नाहीत. सगळे अंगठा देत होते म्हणून तिनेही दिला.

"तूं इतकं बरं लिवतेस," ती म्हणाली. "मज येत नाहीं म्हणून कसं सांगायचं?"

सुंडल माझ्या हातात तसंच राहिलं. आपल्या बोलण्याला कंटाळून सगळे गप्प झाले, असं ती इतके महिने धरून बसली होती. तिचे यजमान गेल्यापासून त्या घरात मराठी ऐकायला देव्हाऱ्यातले देवच उरले होते. आणि मी तिचाच अंगठा दाखवून तिचं तोंड बंद ठेवलं होतं. मला फार लाज वाटली.

घरी आल्यावर मी एकेकाला फोन केले. इन्नंबूरच्या एका काकांनी हसत, इतरांनी आढेवेढे घेत तेच सांगितलं: वाचता आलं नव्हतं. चुलतभावाकडे मी नवीन कारण मागत होते, आणि कारण माझ्या पहिल्याच निरोपात होतं.

मग मी फोन तोंडाशी धरला आणि आमच्या घरच्या मराठीत बोलले. तुम्हांला न येणाऱ्या अक्षरांत मी विचारलं, चूक माझी, आता तोंडाने विचारते: आवाज सुरू करायचे का? येईल तसं सांगा. बरेच हो म्हणाले. दोघंतिघं नको म्हणाले, त्यांनी सकाळी आठच्या आधी नको एवढ्यावर मानलं. चुलतभावाने नुसता अंगठा पाठवला. तो मी निमूट घेतला.

मावशीचा निरोप सगळ्यांत शेवटी आला, चांगला पाच मिनिटांचा. "थांब ग, विचार करूं दे," अशी सुरुवात होती. "मज कोणी विचारलंच नव्हतं." पुढे वांग्याच्या भाजीत चिंच कधी घालायची ते, दुखरा खांदा, शेजारची मांजर. मत त्यात कुठेच नव्हतं. मी तो दोनदा ऐकला.